टॅपेटचा आवाज : झिजलेला लिफ्टर कधी बदलावा, या प्रश्नाचा इतिहास (दीर्घ धागा)

१/
इतिहासाचे साधन म्हटले की डोळ्यांपुढे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि रुमालांत बांधलेली दफ्तरे उभी राहतात. आजचे साधन यांपैकी कशातच बसत नाही. मोटारसायकलच्या इंजिनात खोलवर बसलेला, अंगठ्याएवढा एक पोलादी तुकडा. यंत्रशास्त्राची पुस्तके त्याला लिफ्टर म्हणतात, आपल्या गॅरेजांत त्याला टॅपेट म्हणतात. तो झिजतो. झीज ओळखायची कशी आणि तो बदलायचा केव्हा, हा प्रश्न मेकॅनिकांच्या प्रत्येक पिढीला पडला. मात्र प्रत्येक पिढीचे उत्तर निराळे निघाले. ती उत्तरे का बदलली, याचा हा धागा.

२/
आधी यंत्र समजून घेऊ. चार-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणारी एक झडप आणि जळालेला वायू बाहेर सोडणारी दुसरी झडप असते. झडप म्हणजे आपला नेहमीचा व्हॉल्व्ह. तिला उघडते कॅम, म्हणजे एका बाजूस उंचवटा असलेली फिरती चकती. उंचवटा वर आला की त्यावर टेकलेला लिफ्टर उचलला जातो, लिफ्टर पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर झडपेला. उंचवटा सरला की स्प्रिंग झडप मिटवते. या साखळीतला पहिला घाव सोसणारा तो लिफ्टर.

३/
किती घाव? कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक लिफ्टर मिनिटाला १,५०० वेळा, म्हणजे तासाला ९०,००० वेळा उचलला जातो. या गतीला गाडी ताशी ८० किलोमीटर धावते असे धरले, तर १०,००० किलोमीटरना १२५ तास लागतील. तेवढ्यात त्या पोलादी तुकड्याने १ कोटी साडेबारा लाख वेळा कॅमचा धक्का घेतलेला असतो. एवढ्या घर्षणात तो टिकतो कसा, हेच खरे नवल.

४/
सुरुवातीच्या इंजिनांत हा प्रश्न निम्माच होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये गाजलेल्या द दियों-बूतों इंजिनात आत घेणाऱ्या झडपेला कॅमही नव्हता आणि लिफ्टरही नव्हता. दट्ट्या खाली जाताना निर्माण होणाऱ्या ओढीनेच ती कमकुवत स्प्रिंगची झडप उघडत असे. हार्ले-डेव्हिडसनच्या पहिल्या गाड्याही याच पद्धतीच्या. १९०९ साली आलेले त्यांचे पहिले जोड-सिलिंडर इंजिन अशाच ‘आपोआप’ झडपांचे होते; १९११ च्या सुधारित इंजिनात दोन्ही झडपा यांत्रिक झाल्या. वेग वाढवायचा तर झडपेला स्वतःच्या मर्जीवर सोडून चालणार नव्हते. वेगाची हाव वाढली तशी लिफ्टरांची संख्याही वाढली.

५/
यांत्रिक झडपेबरोबर एक नवी अडचण आली: फट. धातू तापला की वाढतो. झडपेचा दांडा, पुशरॉड, सिलिंडर हे सारे वेगवेगळ्या प्रमाणात तापतात आणि वेगवेगळ्या प्रमाणात लांबतात. साखळीत मुद्दाम थोडी मोकळीक ठेवली नाही, तर तापलेली झडप पूर्ण मिटत नाही. जळता वायू तिच्या कडेने निसटतो आणि कडा जाळून टाकतो. मोकळीक जास्त झाली, तर प्रत्येक उघडझापीला धातूवर धातू आपटतो. ही मोकळीक इंचाच्या काही हजारांशांत मोजली जाते. साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. बहुतेक इंजिनांतली टॅपेटची फट या कागदाच्या जाडीच्या आसपासच राहते.

६/
येथून आपल्या कथेचा पहिला कालखंड सुरू होतो. त्याला मी ‘फटीचा काळ’ म्हणेन. लिफ्टर भरीव पोलादाचा. त्याची देखभाल म्हणजे दोन वेगळी कामे, आणि ती वेगळी होती हे लक्षात ठेवा, कारण पुढे सारा घोळ तेथेच होणार आहे. पहिले काम जुळवणीचे: ठरावीक अंतराने फट मोजा, स्क्रू फिरवून ती पूर्ववत करा. दुसरे काम बदलण्याचे: लिफ्टरच निकामी झाला तर नवा बसवा. पहिले काम नित्याचे होते, दुसरे क्वचित करावे लागे.

७/
या व्यवस्थेचा मोठा गुण असा की पहिले काम करता करता दुसऱ्याची वर्दी मिळे. आज जुळवलेली फट काही हजार किलोमीटर जवळपास तशीच राहिली, तर सर्व ठीक. ती काहीशे किलोमीटरांतच पुन्हा वाढली, तर काहीतरी झपाट्याने झिजते आहे. कारण सोपे आहे. लिफ्टरच्या तळव्याचा वरचा थरच खास कठीण केलेला असतो; तो थर संपला की आतला मऊ धातू उघडा पडतो आणि झिजेचा वेग एकदम वाढतो. फटीची वही ठेवणारा मेकॅनिक इंजिन न उघडता आतली बातमी सांगू शकत असे. जमाखर्चाच्या कीर्दीवरून एखाद्या परगण्याची अवस्था ओळखावी, तसेच हे.

८/
इंजिन उघडल्यावर मात्र पुरावा डोळ्यांनी वाचायचा. भरीव लिफ्टरचा तळवा पुष्कळ इंजिनांत अगदी सपाट नसतो; तो किंचित फुगीर घासलेला असतो आणि कॅमचा उंचवटाही किंचित तिरका असतो. त्यामुळे प्रत्येक धक्क्यासरशी लिफ्टर स्वतःभोवती थोडा फिरतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. जुन्या कारागिरांची परीक्षा अशी: दोन लिफ्टरांचे तळवे एकमेकांवर ठेवा. ते जरासे डुलले, तर फुगीरपणा शिल्लक आहे. डुलले नाहीत किंवा मध्ये उजेड दिसला, तर तळवा आत खचला. तो लिफ्टर संपला. तळव्यावर बारीक खड्डे पडले असतील किंवा गोल खुणांऐवजी एकच सरळ पट्टा उमटला असेल, तरीही निकाल तोच, कारण लिफ्टर फिरायचा थांबला आहे.

९/
एक शिस्त याच काळाने घालून दिली. चालून चालून प्रत्येक लिफ्टर आपापल्या कॅमशी जमलेला असतो. म्हणून काढताना त्यांची अदलाबदल होऊ द्यायची नाही. पुठ्ठ्याला भोके पाडून, त्यावर खुणा करून ओळीने ठेवायचे. आणि नवी कॅम बसवताना जुना सपाट लिफ्टर परत वापरायचा नाही. नव्या कॅमवर जुना लिफ्टर ठेवला की थोड्याच दिवसांत दोन्ही वाया जातात. चार पैसे वाचवण्याच्या नादात महागडी कॅम गमावल्याच्या तक्रारी त्या काळापासून आजपर्यंत अखंड चालू आहेत.

१०/
हा फटीचा काळ जगात अनेक ठिकाणी विसाव्या शतकातच ओसरला. आपल्याकडे तो एकविसाव्या शतकापर्यंत टिकला. त्याचे श्रेय बुलेटला. रॉयल एनफील्डची बुलेट इंग्लंडमधल्या रेडिच गावची. १९५५ साली मद्रासमध्ये एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात ३५० सीसीची बुलेट तयार होऊ लागली. पुढे मूळची इंग्लिश कंपनी १९७० च्या सुमारास संपली, मद्रासची गाडी मात्र तेच बिडाचे सिलिंडर, तेच पुशरॉड आणि तेच भरीव टॅपेट घेऊन धावत राहिली.

११/
त्या काळातल्या महाराष्ट्राच्या रस्त्यांचे चित्र आठवा किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातली चेतक, म्हैसूरची जावा आणि येझदी, एस्कॉर्ट्सची राजदूत... या सर्व टू-स्ट्रोक गाड्या. टू-स्ट्रोक इंजिनात अशा झडपाच नसतात. दट्ट्याच सिलिंडरच्या भिंतीतल्या छिद्रांची उघडझाप करतो. म्हणजे टॅपेटची फट जुळवणे हे काम गल्लीतल्या अनेक मेकॅनिकांच्या हाती कधी येतच नसे. बुलेटचा मिस्त्री हा स्वतंत्र वर्ग का निर्माण झाला, याचे एक कारण येथे सापडते. १९८० च्या दशकाच्या मध्यात हिरो होंडाची सीडी १०० आली आणि चार-स्ट्रोक इंजिन घरोघरी पोहोचले, तेव्हा कुठे ‘टॅपेट सेटिंग’ हा शब्द सर्वतोमुखी झाला.

१२/
बुलेटची जुळवणी पाहण्यासारखी असते. सिलिंडरच्या बुडाशी उजव्या अंगाला एक लहान झाकण आहे. ते काढले की दोन्ही पुशरॉडांची खालची टोके आणि जुळवणीचे नट दिसतात. दट्ट्या अगदी वर, दोन्ही झडपा मिटलेल्या, इंजिन पूर्ण थंड. येथे पात्यांचे फिलर गेज लागत नाही, कारण थंड इंजिनात फट जवळजवळ शून्य ठेवायची असते. मापक आहेत बोटे. पुशरॉड चिमटीत धरून फिरवायचा: तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. एवढेच. हे ‘एवढेच’ शिकायला काहींना वर्षे लागतात.

१३/
आता कथा अमेरिकेकडे वळवू, कारण फटीचा काळ संपवण्याची खटपट तेथे मोटारगाड्यांनी सुरू केली होती. प्रेरणा होती शांतता. श्रीमंत ग्राहकाला इंजिनाची टकटक नको होती. १९३० साली कॅडिलॅकने सोळा सिलिंडरांची गाडी आणली, तेव्हा तिच्या रॉकरांपाशी तेलाच्या दाबावर चालणारी एक लहान यंत्रणा बसवली, जी फट आपोआप भरून काढी. १९३३ साली पिअर्स-ॲरोने ही करामत थेट टॅपेटमध्येच आणली. हाच हायड्रॉलिक लिफ्टर.

१४/
त्याची रचना मोठी हुशारीची. भरीव तुकड्याऐवजी पोकळ नळी. तिच्या आत सरकणारा लहान दट्ट्या, खाली हलकी स्प्रिंग आणि एकाच दिशेने तेल सोडणारी गोळीची झडप. कॅमचा उंचवटा नसताना इंजिनाचे तेल आत शिरते आणि स्प्रिंग दट्ट्याला वर ढकलून सारी फट मिटवते. उंचवटा येताच गोळी वाट बंद करते. तेल दाबले जात नसल्यामुळे पोकळ लिफ्टर त्या क्षणापुरता भरीव होतो. थोडे तेल कडेने पाझरते. पुढच्या फेरीत ते पुन्हा भरते. इंजिन तापो वा थंड राहो, फट कायम शून्य.

१५/
मोटारसायकलीच्या जगात या कल्पनेला खरे घर मिळाले ते १९४८ साली, हार्लेच्या नव्या मोठ्या इंजिनात. झडपांवरच्या झाकणांचा आकार स्वयंपाकाच्या तव्यासारखा दिसे, म्हणून लोकांनी त्याचे नाव ठेवले ‘पॅनहेड’. आधीच्या ‘नकलहेड’चे बिडाचे हेड जाऊन येथे ॲल्युमिनियमचे आले होते. ॲल्युमिनियम उष्णता लवकर टाकते हे खरे, पण तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. थंडपणी जुळवलेली फट गरमपणी कुठे जाईल याची खात्री देणे कठीण झाले. अशा इंजिनाला स्वतःच फट सांभाळणारा लिफ्टर हवाच होता.

१६/
पहिला प्रयत्न पुरता जमला नाही, आणि तो का जमला नाही हे महत्त्वाचे आहे. १९४८ च्या रचनेत हायड्रॉलिक भाग पुशरॉडच्या वरच्या टोकाला बसवला होता. तेलाचा पंप तळाशी. एवढ्या वर चढेपर्यंत तेलाचा दाब आणि भरवसा दोन्ही कमी होत. १९५३ साली हार्लेने हा भाग खाली, कॅम आणि पुशरॉड यांच्या मध्ये, टॅपेटच्या पोटात आणला. त्याकडे जाणाऱ्या तेलाच्या वाटेवर बारीक जाळीही बसवली. येथून पुढे लिफ्टरचे आरोग्य म्हणजे तेलाचे आरोग्य, हे समीकरण पक्के झाले. घाणेरडे तेल किंवा तुंबलेली जाळी असली की निरोगी लिफ्टरही आजाऱ्यासारखा वाजू लागे.

१७/
आता मूळ मुद्दा. हायड्रॉलिक लिफ्टरने नित्याची जुळवणी संपवली, म्हणून त्याचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण जुळवणीबरोबर ती कीर्दही गेली. तळवा झिजला किंवा रोलर सैल झाला तर पूर्वी फट वाढे, मोजली जाई, ऐकू येई. आता तेवढी जागा आतला दट्ट्या तेलाच्या जोरावर गुपचूप भरून काढतो. झीज होतच राहते. फक्त तिची नोंद होत नाही. ‘लिफ्टर कधी बदलावा’ हा प्रश्न आज ज्या बेचैनीने विचारला जातो, ती बेचैनी माझ्या मते या बदलातून आली. पूर्वी जुळवणीच मेकॅनिकला सांगे की बदलायची वेळ आली. आता बदलणे तेवढे उरले आणि सांगणारे कोणी राहिले नाही.

१८/
आवाज उरला, पण त्याचा अर्थ धूसर झाला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या लिफ्टरांतून थोडे तेल निथळते. सकाळी चालू करताच काही क्षण टकटक येते आणि तेल भरताच थांबते. यात घाबरण्यासारखे काही नाही. इंजिन पुरते तापल्यावरही टकटक चालू राहिली, तर मात्र चौकशी हवी. पण संशयित अनेक: तेलाची पातळी, तेलाचा दाब, गोळीच्या झडपेत अडकलेला कचरा, झिजलेला दट्ट्या, सैल रॉकर. जाणकार मेकॅनिक आधी तेल आणि दाब तपासतात, मग लिफ्टरला हात घालतात. उलट क्रमाने गेलेला माणूस नवे लिफ्टर घालूनही तोच आवाज ऐकत बसतो, आणि खिसा रिकामा होतो तो वेगळाच.

१९/
याहून गंभीर शक्यता आवाजाशिवाय येते. हार्लेच्या मोठ्या इंजिनांतील लिफ्टर कॅमवर घासत नाहीत. त्यांच्या टोकाला एक चाक, म्हणजे रोलर असतो, आणि तो सुईसारख्या बारीक बेअरिंगांवर फिरतो. घर्षण कमी, म्हणून आयुष्य जास्त. मात्र त्या सुयांची वाट लागली आणि रोलर अडखळला, तर तो कॅमला खरवडू लागतो. सुया सुटल्या तर त्या तेलाबरोबर तळाशी उतरतात, पंपापर्यंत पोहोचतात, आणि मग एका लहान भागाचा खर्च अख्ख्या इंजिनाच्या खर्चात बदलतो. बेअरिंगची ही घसरण बरीच पुढे जाईपर्यंत आतला दट्ट्या ती झाकून ठेवू शकतो. तेल बदलताना चुंबकी नटावर चमचमणारे पोलादी कण दिसणे, हा तेवढा एक प्रामाणिक साक्षीदार.

२०/
या अदृश्य झिजेला घाबरून काहींनी घड्याळाचे काटे उलटे फिरवले. अमेरिकेत पॅनहेड आणि त्यानंतरच्या, १९६६ पासूनच्या ‘शव्हलहेड’ इंजिनांतून हायड्रॉलिक भाग काढून भरीव लिफ्टर बसवण्याची रीत मालकांत आणि मेकॅनिकांत चांगलीच रुळली. वरवर पाहता ही पीछेहाट. पण त्यांची बाजूही समजण्यासारखी आहे: वारंवार जुळवावे लागले तरी चालेल, मला माझ्या इंजिनाची अवस्था कळली पाहिजे. नव्या सोयीच्या बदल्यात जुने ज्ञान द्यायला सगळेच तयार नसतात. यंत्रांच्या इतिहासात हा सौदा पुनःपुन्हा भेटतो.

२१/
कारखान्याने अर्थातच हायड्रॉलिकची वाट सोडली नाही. १९८४ चे ‘इव्होल्यूशन’, १९९९ चे ‘ट्विन कॅम’, २०१७ चे ‘मिलवॉकी-एट’, सर्वांत तेच तत्त्व. जपानी कंपन्यांनीही ते अधूनमधून आजमावले; १९८३ च्या होंडा नाइटहॉक ६५० मध्ये कॅम वर असूनही फट सांभाळायला हायड्रॉलिक योजना होती. पण लिफ्टर किती मैलांनी बदलावा याचा सर्वमान्य आकडा कधीच ठरला नाही. एकच गाडी महामार्गावर तापत्या वेगाने धावते आणि दुसरी गावात हळू फिरते. एकीत कॅम मूळची, दुसरीत जास्त उंचवट्याची आणि कडक स्प्रिंगांची. त्यांना एकच आकडा कसा लागू पडावा?

२२/
आकडा नसला की प्रथा जन्म घेते. ट्विन कॅममध्ये कॅम फिरवणाऱ्या साखळ्यांना ताण देणारे प्लास्टिकचे पॅड होते. सुरुवातीच्या इंजिनांत ते झिजत, म्हणून ते तपासायला मालकांना कॅमचा कप्पा उघडावाच लागे. मग नियम रूढ झाला: कप्पा उघडलाच आहे, तर लिफ्टरही बदलून टाका. कारण लिफ्टर स्वतः फार महाग नाही. महाग आहे तेथवर पोहोचण्याची मजुरी. मूळचे पुशरॉड एकाच लांबीचे, अखंड. ते काढायचे तर वरचा रॉकरचा सारा डोलारा उतरवावा लागतो. काही मेकॅनिक त्याहून धीट मार्ग घेतात: जुने पुशरॉड चक्क कातरून काढायचे आणि त्या जागी लांबी कमी-जास्त करता येणारे नवे घालायचे. निर्णय झिजेवरून होत नाही, मजुरीवरून होतो. ऐकायला विचित्र, व्यवहारात बिनचूक.

२३/
काढलेला रोलर-लिफ्टर टाकण्याआधी वाचावा. रोलर बोटाने फिरवला तर लोण्यासारखा फिरावा. अडखळ, खरखर किंवा बाजूंना जाणवणारी ढिलाई नको. रोलरवर खड्डे किंवा पट्टे नकोत. अंगावर उभे ओरखडे असतील तर तो ज्या भोकात सरकतो तेही तपासावे. भोक सैल झाले असेल तर नवा लिफ्टरही तेल गळू देईल. नवे बसवल्यावर आणखी एक पथ्य. तेलाने फुगलेले लिफ्टर ताठ असतात आणि झडपा उघड्या धरतात. ते दाबाखाली हळूहळू खाली बसेपर्यंत इंजिन फिरवायचे नाही. बसले हे ओळखायचे कसे? पुशरॉड बोटांनी फिरतो का, ते पाहून. बुलेटवाल्या मिस्त्रीची ती चिमूट येथे पुन्हा भेटते!

२४/
तेलाचाही एक उपकथानक आहे. १९४० च्या दशकापासून तेलात जस्त आणि फॉस्फरस असलेले एक रसायन घालू लागले. धातू धातूला घासतो तेथे ते संरक्षक थर धरते. सपाट टॅपेटचा तो फार मोठा आधार. पुढे मोटारींच्या धुराड्यात प्रदूषण रोखणारे कन्व्हर्टर आले आणि हाच फॉस्फरस त्यांना मारक ठरू लागला. २००४ च्या ‘एपीआय एसएम’ मानकाने पातळ प्रतीच्या तेलांत त्याची मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आणली. तेव्हापासून जुन्या इंजिनांचे शौकीन तेलाच्या डब्यावरील बारीक अक्षरे पोथीसारखी वाचतात. मोटारसायकलसाठी वेगळ्या प्रतीची तेले मिळतात हे सुदैव. मोटारीचे स्वस्त तेल जुन्या सपाट टॅपेटांच्या इंजिनात ओतण्यापूर्वी मात्र हा इतिहास आठवावा.

२५/
शेवटी परत मद्रासकडे, जे आता चेन्नई झाले होते. २००८-०९ पासून रॉयल एनफील्डने एकसंध बांधणीचे नवे इंजिन आणले. त्यात पुशरॉड तेच, पण लिफ्टर हायड्रॉलिक. पॅनहेडनंतर साठ वर्षांनी तो बदल बुलेटच्या घराण्यात रुळला. टॅपेटचे झाकण उघडून चिमटीने पुशरॉड फिरवण्याचे काम गेले. सकाळच्या टकटकीवर ‘हे साधे आहे की धोक्याचे?’ ही नवी चर्चा सुरू झाली. अनेक मिस्त्री जुन्या सवयीने आवाज ऐकून आजही टॅपेटचे निदान करतात. या इंजिनापुरते सांगायचे तर त्यांनी आधी तेलाची पातळी, तेलाचा दर्जा आणि गाडी किती दिवस उभी होती हे विचारावे. तापल्यावरही टिकणारा आवाज असेल, तरच लिफ्टर उघडण्याचा विचार.

२६/
आणि मग एक अनपेक्षित वळण. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या मीटिओर ३५० बरोबर कंपनीने आणखी नवे इंजिन दिले. त्यात कॅम थेट सिलिंडरच्या डोक्यावर गेली. पुशरॉड नाहीत, तळातले लिफ्टर नाहीत. रॉकरच्या टोकाला स्क्रू आणि नट. म्हणजे फट परतली, फिलर गेज परतले, आणि ठरावीक किलोमीटरांना फट तपासण्याची ओळ देखभालीच्या तक्त्यात परतली. सप्टेंबर २०२३ मध्ये बुलेट ३५० हे नावही याच इंजिनावर आले. आज एखाद्या गॅरेजसमोर तीन बुलेट उभ्या असतील, एक १९८५ ची, एक २०१५ ची, एक २०२४ ची, आणि तिघींचे मालक म्हणत असतील की टॅपेट वाजतोय, तर मिस्त्रीला पहिलीत बोटे घालावी लागतील, दुसरीत तेल पाहावे लागेल आणि तिसरीत पात्यांचे गेज सरकवावे लागेल.